म्हातारीच्या उशाचं बटण

मोबाईल ठेवा खाली. हसायचं तर आताच हसून घ्या.

कोन गावचा कमळाकर. माझ्याबरोबर वीस वर्षं वायरिंगची कामं केलीन, थापा मारणाऱ्यातला नव्हे. दोन हजार तेरा साल, अकरा जानेवारी, शुक्रवार. अमावस्या होती का ते मला विचारू नका. रात्री साडेनऊला हत्यारांची पिशवी घेऊन तो करंजाड्याला प्रणितच्या घरी गेला. रोज रात्री दोनच्या सुमारास तिथला मेन स्विच पडायचा, घरभर अंधार. दिवसा शोधावा तर फॉल्ट गायब. म्हणून मुक्कामच करायचा ठरला.

घर ओळखीचं होतं. प्रणितची आई, दमयंतीकाकी, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली. तिच्या उशाशी बेलचं बटण कमळाकरनंच बसवलं होतं. काकी रात्री चार-चारदा दाबायची. कधी पाणी हवं, कधी कूस बदलायची. पण ह्या दिवट्या प्रणितची झोपमोड व्हायची ना! डिसेंबरात त्यानं कमळाकरला बोलावून हळूच सांगितलं, "दादा, बेलची वायर तोड. बटन राहू दे. तिला कलायला नको."

कमळाकरनं तोडली. काकी त्याच्याकडे बघून हसलीसुद्धा. तिला वाटलं, दुरुस्ती चाललीय.

आठ दिवसांत काकी गेली. सकाळी बघितलं तेव्हा अंगठा बटणावरच होता. "झोपेतच गेली," प्रणितनं लोकांना सांगितलं. नालायक! आणि आमचा कमळाकर मयताला मान खाली घालून उभा राहिला, तोंडातून शब्द काढला नाहीन. काकीनं किती वेळ दाबलं असेल, हेच त्याला आतून खात होतं.

तर त्या रात्री. सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाईनीचे बोर्डातले स्विच, खाली पाडायचे, मग एकेक वर करायचा. ज्यानं मेन पडेल, त्या लाईनीत फॉल्ट. ही आमची रीत. त्यानं सगळे वर केले, मेन हलला नाही. प्रणित जांभया देत झोपायला गेला. कमळाकर हॉलमध्ये बसून राहिला.

दोन वाजून दहा मिनिटं. खट्. मेन पडला.

वर केला. पुन्हा खट्.

काकीच्या खोलीची लाईन त्यानं बोर्डातून सोडवूनच टाकली. वर केला... खट्.

सगळं घर अंधारात. बॅटरी घेऊन तो काकीच्या खोलीत गेला. बटण उघडलं. मेन खाली, वायर तुटलेली, करंट यायचा कुठून? तरी टेस्टर लावला.

पेटला. विझला. पेटला... आणि पेटलेलाच राहिला. खूप वेळ.

"काकी," तो म्हणाला, "चुकलो गं मी."

टेस्टर विझला.



मग त्याचा फोन वाजला. कोनहून बायको, कीर्ती.

"अवो, दाराशी तुमी हाव का? कवाधरनं बेल वाजतेय. मी उघडून बघितलं... कोनी नाय."

त्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"आता बी वाजतेय," ती म्हणाली.

प्रणितचा मेन त्यानंतर कधी पडला नाही. एसी लावून खुशाल घोरतो लेकाचा! त्याला काही नाही. कमळाकरनं मात्र दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या घरची बेल उपटून फेकली. धंदाही सोडला.

परवा त्याला भेटायला गेलो होतो. त्याच्या खाटेशी, झोपल्या झोपल्या हात पोचेल तिथं, भिंतीवर अंगठ्याएवढा तेलकट डाग. तिसऱ्यांदा रंग मारला होतान.

बोट लावून बघितलं मी. रंग अजून ओला होता. डाग त्या ओल्या रंगावर उमटला होता.