सुनेची खुर्ची

“सोमवारपासून मुलं शाळेत जातील,” वेंडेलने कॉफीचा मग टेबलावर ठेवत सांगितलं, आणि अंडी वाढणारा त्याच्या आईचा, आर्डिथचा हात हवेतच थांबला... या एका वाक्यासाठी तिचे कान किती वर्षं आसुसले होते! तिने चोरून सुनेकडे पाहिलं. आता रोवेना उसळेल, नेहमीसारखी तोडून बोलेल, असं तिला वाटलं होतं. पण रोवेना नुसतं “बरं” म्हणाली आणि ताटातली अंडी चिवडत राहिली.

आर्डिथची सारी हयात गावच्या शाळेत शिकवण्यात गेली होती. अर्ध्या गावाला तिने वाचायला शिकवलं, आणि तिच्याच सुनेने स्वतःच्या मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलं! ते शल्य आर्डिथच्या काळजात खोल रुतलं होतं. “शिकवणं म्हणजे अंडी तळणं नव्हे,” असं ती एका सणाच्या जेवणात सगळ्यांदेखत बोलून गेली आणि तेव्हापासून दोघींमध्ये कामापुरतं बोलणं उरलं होतं.

मग वेंडेलच्या घरावर टोर्नाडोचं चक्रीवादळ आलं. तळघरात दडलेली माणसं तेवढी वाचली. वर घर उरलं नाही आणि घरातली ती शाळाही उरली नाही. वेंडेलचा सारा संसार आईच्या घरात आला. आर्डिथने क्षणाचाही विचार न करता बैठकीची खोली रिकामी केली, फळा टांगला, वेळापत्रक लावलं, कपाटातली जुनी पितळी घंटा घासून ठेवली. रोवेना रोज पडक्या घराच्या ढिगाऱ्यात काहीबाही शोधत फिरायची आणि आर्डिथ नातवंडांना शिकवायची. टॅबी आणि धाकटा एल्डन भराभर सावरली. सावरली नाही ती त्यांची आई. पण हे आर्डिथच्या ध्यानात आलं नाही, की येऊ द्यायचं नव्हतं... कोण जाणे.

वेंडेल शाळेचं बोलला त्याच आठवड्यातल्या शनिवारी मर्टल नावाची एक बाई गाडी भरून पुस्तकं घेऊन आली. शेजारच्या जिल्ह्यात मुलांना घरी शिकवणारी पुष्कळ कुटुंबं होती, त्यांनी आपापल्या कपाटांतून काढून दिलेली ही पुस्तकं. मर्टलने रोवेनाला विचारलं, मुलांचं काय काय चाललं होतं? आर्डिथने सांगितलं, टॅबीचा इतिहास कच्चा आहे. एल्डन कुठवर वाचतो? तेही आर्डिथनेच सांगितलं. मर्टल थोडा वेळ खोका उघडत राहिली, मग मान वर न करताच म्हणाली, “मी तिला विचारत होते हो.”

आर्डिथच्या कानशिलांना आग लागली. मर्टलला गाडीपर्यंत सोडायला ती गेली ती भांडायच्याच तयारीने. पण मर्टलचा सूर भांडणाचा नव्हता.

“आमचं घर पुरात गेलं तेव्हा मुलांना सगळ्यांनी सगळं दिलं. पुस्तकं दिली, शिकवायला माणसं दिली. मुलं लगेच खेळायला लागली. मी मात्र वर्षभर कोपऱ्यात बसून होते. मुलांना शिकवायची माझी खुर्ची मला परत द्यावी, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

आर्डिथ फाटकाशी किती तरी वेळ उभी राहिली. तिचं अंतःकरण व्याकूळ झालं होतं. आपण केली ती मदत होती, की इतक्या वर्षांच्या अपमानाची भरपाई आपण त्या उद्ध्वस्त पोरीकडून वसूल करत होतो? उत्तर तिला ठाऊक होतं आणि म्हणूनच तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून परतल्यावर तिने फळ्यावरचं आपलं वेळापत्रक उतरवलं आणि वेंडेलला सांगितलं, की पॅडुका शहरातल्या बहिणीला बरं नाही, आपण तिच्याकडे राहायला जातोय. हे घर रोवेनाने आपलं समजून चालवावं आणि मुलांना इथेच शिकवावं.

वेंडेल वैतागला. “आई, तूच तर शाळा शाळा करत होतीस ना?”

“हो. अजूनही मला तेच हवंय,” आर्डिथ म्हणाली. “पण मुलं तिची आहेत.”

सोमवारी सकाळी ती बॅग गाडीत ठेवत होती, तेव्हा रोवेना अनवाणीच अंगणात आली.

“मावशींना फोन केला होता मी. ठणठणीत आहेत त्या.”

खोटं पकडलं गेलेल्या मुलांसमोर आर्डिथ आयुष्यभर उभी राहिली होती, आज ती स्वतःच तशी उभी होती.

“मला अपूर्णांक येत नाहीत, आई.” रोवेना म्हणाली. “कधीच आले नाहीत. पुस्तकामागची उत्तरं बघून शिकवायचे. ती पुस्तकंही गेली... रोज त्या ढिगाऱ्यात तीच शोधत होते मी. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती.”

“अगं वेडे...” आर्डिथने पुढे होऊन तिला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“तेवढे अपूर्णांक तुम्ही घ्या,” रोवेना तिच्या खांद्यावरून म्हणाली. “बाकीचं सगळं मी.”

“आणि मी मध्ये बोलले तर?”

“तर मी ऐकून घेणार नाही.”

त्या सकाळी टेबलाच्या टोकाशी रोवेना बसली आणि आर्डिथ नातवंडांच्या ओळीत. रोवेनाने इतिहास काढला. दोन-तीन वाक्यं बोलून ती अडली. तिने घाबरून सासूकडे पाहिलं. पुढचं वाक्य आर्डिथला तोंडपाठ होतं. तिने मांडीवरचे हात घट्ट धरले, नजर खाली वळवली आणि ती गप्प राहिली.

थोड्या वेळाने रोवेना स्वतःच पुढे बोलू लागली.