गंगूबाईच्या दाराची कडी

रविवारची टळटळीत दुपार. या वेळी भुतं झोपलेली असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल पाय पसरून पुढचं वाचावं.

परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातलं ते ऑफिस सुट्टीमुळे ओस होतं. संघमित्रा एकटीच आली होती. वरळीच्या तिच्या जुन्या चाळीची वेबसाइट ज्या कॅश सर्व्हरवर चालायची, त्याच्या प्रोग्रॅममध्ये भोक सापडलं होतं. चोर शिरायच्या आत सुरक्षेचा अपडेट टाकायचा, एवढंच काम. हा कॅश सर्व्हर म्हणजे दुकानाच्या फळीवर बसलेला गडी. एकदा मागितलेल्या पानाची नक्कल हाताशी ठेवतो, आणि पुन्हा कुणी मागितलं की गोदामात न जाता तीच पुढे करतो.

गोम अशी, की इथे गोदामच उरलं नव्हतं. चाळ पाडली, तेव्हा दुसऱ्या माळ्याच्या व्हरांड्यातून वेबसाइटला चित्रं पाठवणारा कॅमेराही गेला. त्याचं शेवटचं चित्र तेवढं या गड्याच्या डोक्यात होतं. रिकामा व्हरांडा, ओळीने बंद दारं. आणि अपडेटनंतर रीस्टार्ट केला की गड्याचं डोकं कोरं!

"जय भीम!" कानाशी कुणीतरी ओरडलं. संघमित्रा खुर्चीतून उडाली.

"कोंडीरामकाका! जीव घ्याल एक दिवस."

चित्राच्या काळजीने तिच्या मागोमाग आलेले चाळीतले शेजारी काका खिदळले. सत्तरी उलटली तरी खोड तीच. चाळीत असताना लोकांच्या दारांना बाहेरून कडी घालायची आणि जिन्यात लपून आतला आरडाओरडा ऐकायचा, हा त्यांचा उद्योग. सगळ्यात जास्त कोंडलं ते बायकोला. गंगूबाई आतून दार बडवायची, "एक दिवस तुम्हाला कोंडते की नाही बघाच!"

ते राहून गेलं. गंगूबाई इस्पितळातून परत आलीच नाही. चाळ रिकामी करताना काकांनी खोलीला कुलूप घातलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी मोबाइलवर ते दार बघितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नव्हता.

"चित्र जाणार नाय ना गं?" काकांचं हसू आटलं होतं.

"पेनड्राइव्हवर ठेवलंय. अपडेट झाला की हाताने परत लावते."

"म्हणजे गंगूला डब्यात घातलीस!"

संघमित्राने कमांड दिली. पडद्यावर अक्षरं सरसर धावली, थांबली. सर्व्हर परत उठला. साठा रिकामा. खात्री करायला तिने ते पान उघडलं. 'चित्र सापडत नाही' असं यायला हवं होतं.

चित्र आलं.

"काका, काय केलंत तुम्ही?"

"मला टीव्हीचा रिमोट धड येत नाय. मी काय करणार?"

प्रत्येक नकलेसोबत तिचं वय येतं, ती किती जुनी आहे ते. या चित्राचं वय होतं शून्य. म्हणजे आत्ता, या क्षणी कॅमेऱ्याने पाठवलेलं.

"काका... कुलूप बघा..."

कुलूप नव्हतं. कडी नुसती लोंबत होती. ऑफिसात कुठूनसा चाळीतल्यासारखा रॉकेलच्या स्टोव्हचा वास आला. संघमित्राने पान पुन्हा मागवलं. दार किलकिलं. पुन्हा मागवलं. दार सताड उघडं... आत काळोख... आणि उंबऱ्यात कुणीच नाही.

खट्!

आवाज मागून आला. ऑफिसच्या दाराकडून. तो कडीचा आवाज काकांना कुणी सांगायला नको होता, जन्मभर त्यांनीच तर तो केला होता. ते धावले, दार ओढलं. दार हलेना. बाहेर जिन्याकडे सपाता फटफटत गेल्या, आणि मग... पदर तोंडात कोंबून दाबलेलं हसू.

"गंगू..." काकांनी दाराच्या फटीला तोंड लावलं. "हरलो गं मी... उघड..."

संघमित्राने कसाबसा वॉचमनला फोन लावला. गुणाजी आला. नुसतं ढकललं, दार उघडलं.

"बाहेरून कडी... कुणी घातली होती?" संघमित्राने विचारलं.

"खयची कडी, बाय?" गुणाजी दाराला वरखाली न्याहाळत हसला. "ह्या दाराक भायरसून कडीच नाय."

संघमित्राने आणि काकांनी वळून पडद्याकडे बघितलं. गंगूबाईचं दार आता बंद होतं. त्यावर मघाची लोंबती कडी नव्हती. लाकडात स्क्रूची ताजी भोकं तेवढी दिसत होती.