दारावरचा लाल डबा

"बाई, दिवा गेला!"

यादोराव दारात उभे होते. एकाच पायात चप्पल. सत्यभामाबाईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि त्यांना आधी खुर्चीवर बसवलं. छत्तीस वर्षं पोरांना शिकवल्यावर एवढं कळतं, की घाबरलेल्या माणसाला आधी बसवावं, मग विचारावं.

"गेला म्हणजे?"

"टेबलावर नाही. दाराले कुलूप जसंच्या तसं. अन् दिवाच नाही."

तो दिवा शहापूरच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. लग्नाच्या वर्षी यादोराव आणि बायजाबाईंनी भंडाऱ्याला एक सिनेमा पाहिला होता, नावाड्याचा. वाट चुकलेल्या नावा परत याव्यात म्हणून तो नावाडी घाटावर अष्टकोनी पितळी कंदील टांगायचा. सात काचा पांढऱ्या, एक निळी. बायजाबाई घरी येताना म्हणाल्या होत्या, असा दिवा आपल्या दारात पाह्यजे.

तेव्हा जमलं नाही. चार वर्षांपूर्वी बायजाबाई गेल्या. मग यादोरावांनी मोबाईलवर तोच सिनेमा थांबवून थांबवून पाहिला, कंदिलाच्या टोपीतली भोकंसुद्धा मोजली, आणि बायजाबाईंचा पाण्याचा पितळी गुंड कापून काम सुरू केलं. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आयुष्यभर लोखंड-पितळ घासलेला हात तो. अकरा महिने लागले. मंगळवारी दिवा पुरा झाला.

आज बुधवार होता. रविवारी मुलगी प्रतिक्षा त्यांना पुण्याला कायमचं न्यायला येणार होती. ती दोन वर्षं बोलावत होती. "दिवा पुरा झाला का येतो," एवढंच ते म्हणायचे.

"पोलिसांत सांगायचं?"

"नोको बाई. पण थो दिवा घेतल्याबिगर मी त्या गाडीत बसत नाही. बायजाचा गुंड हाय थो. दुसरा कोठून आणू?"

दोघं रस्ता ओलांडून गेले. यादोरावांच्या दाराच्या चौकटीला पत्र्याचा एक डबा टांगलेला होता. फॅक्टरीच्या गेटवर आगपेटी, बिडी काढून ठेवल्याशिवाय आत सोडत नसत. ती सवय यादोरावांनी घरीही आणली होती. कामाच्या खोलीत यायचं तर आगपेटी डब्यात. पाहुणा असो की जावई.

डबा आज लालभडक दिसत होता. बाईंनी आत डोकावलं. एक आगपेटी होती, दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात नीट गुंडाळलेली. बाईंनी ती पाहिली आणि तिथेच राहू दिली.

"डब्याला रंग कधी दिला?"

"आज सकाळीच. जायच्या आधी सगळं नीट करावं म्हटलं. रिकामा केला, रंगवला, वाळल्यावर टांगला. मग बाराच्या बसनं जवाहरनगरले गेलो, गोळ्या आणाले. पाचले आलो तं हे."

"किल्ली?"

"माठाच्या तिवईखाली."

"कोणाकोणाला ठाऊक?"

"झाडलोट कराले येते ते भावना. नाटकवाला सचिन. अन् तलावावरचा मनिराम."

दिव्याच्या जागी टेबलावरच्या धुळीत मोकळा अष्टकोन उरला होता. शेजारीच पगारातून घेतलेली चांगली ड्रिल मशीन होती. तिला कोणी हात लावला नव्हता.

सचिन गुरुवारी सकाळी चौकात सापडला. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. तिसरीत बाईंच्याच वर्गात होता, म्हणून त्याने घाईघाईने थुंकून तोंड पुसलं.

"दिवा मागितला होतास ना तू?"

"मागितला होता बाई, आमच्या नाटकासाठी. नाही म्हणाले, तं विषय संपला. काल दिवसभर मंडळीसंग लाखांदूरले होतो, स्टेज पाहाले. विचारा कोणालेही."

"आगपेटी आहे का तुझ्याजवळ?"

"कायले? मी खर्रा खातो, बिडी नाही ओढत. चूल पेटवाची का?"

भावना धुणं वाळत घालत होती. "मले काहून विचारता बाई? थो दिवा पुसू पुसू माह्ये हात दुखले. गेला तं बरं झालं म्हणतो मी!" मग ती ओशाळली. "मस्करी केली. बायजामाय दिसे त्याच्यात बुढ्याले."

"आगपेटी देतेस?"

"घरी लायटर हाय. आणू?"

बाई तलावावर गेल्या. मनिराम काठच्या पाळीवर बसून जाळं सांधत होता. आयुष्यभर तलावात उतरून मासे धरलेला माणूस. बायको नाही, पोरं सुरतेला. बाईंना पाहून तो उठला नाही, मानही वर केली नाही.

"दिवा गेला म्हणतात यादोरावांचा."

"आयकलं."

"तुम्ही शेवटचे कधी गेला होता त्यांच्याकडे?"

"मंगळवारी. दिवा पुरा झाला त्या दिशी. मंग नाही गेलो."

"रोज जायचात ना?"

"आता काय काम हाय तेथी?"

त्याने कानामागची बिडी ओठात धरली, खिसा चाचपला, दुसरा खिसा चाचपला, आणि बिडी पुन्हा कानामागे खोचली.

बाई घराकडे वळल्या. उत्तर हाती आलं होतं, आणि ते आलं नसतं तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी त्यांनी तिघांनाही यादोरावांच्या ओसरीवर बोलावलं.

"यादोरावजी, चोर पैशासाठी आला असता तर आधी मशीन नेली असती," बाई म्हणाल्या. वर्गात फळ्यासमोर बोलायच्या तसं, सावकाश. "त्याला फक्त दिवा हवा होता. म्हणजे तो या घरात येणाराच कोणी. म्हणून मी दारावरचा हा डबा पाहिला."

त्यांनी डब्यातली आगपेटी काढून तळहातावर ठेवली.

"काल सकाळी डबा रिकामा करून रंगवला. म्हणजे ही आगपेटी बारा ते पाचच्या मध्ये आली. यादोरावजी, तुम्ही बिडी ओढत नाही. सचिन खर्रा खातो. भावनाकडे लायटर. आगपेटी कोण गुंडाळून ठेवतो? ज्याचे कपडे रोज भिजतात तो."

बाईंनी आगपेटी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"परका माणूस चोरी करायला येताना दारात आगपेटी काढून ठेवेल का? पण जो अकरा महिने रोज आलाय, त्याच्या हाताला हा नियम बसलाय. चोरी करायला आला, तरी हाताने आगपेटी डब्यात टाकली. जाताना कुलूप, किल्ली, दिवा एवढं सांभाळायच्या घाईत ती राहिली. यादोरावजी, ती रोज इथे असते म्हणून तुम्हाला दिसलीच नाही."

यादोरावांनी मान वळवली. "मन्या?"

मनिराम उठला आणि निघून गेला. सचिन मागे धावणार होता, बाईंनी हाताने थांबवलं. अर्ध्या तासाने मनिराम परत आला. मासेमारीच्या डोंग्यात जाळ्याखाली लपवलेला दिवा त्याने स्वतःच्या कोरड्या दुपट्ट्यात गुंडाळून आणला होता. एक ओरखडा नव्हता.

"दिवा पुरा झाला का जाशीन म्हणे तू," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "म्या म्हटलं, दिवाच नसन तं पुन्हा बनवशीन. अजून अकरा महिने."

"येड्या, मले सांगाचं ना!"

"सांगितलं असतं तं राहिला असता का?"

यादोरावांनी बाईंच्या हातातली आगपेटी घेतली, मनिरामला दिली आणि दिवा दाराबाहेर पायरीवर ठेवला.

"लाव," ते म्हणाले. "तूच लाव."

निळ्या काचेतून उजेड मनिरामच्या पायांवर पडला.

रविवारी सकाळी गाडी आली. यादोराव दिवा मांडीवर घेऊन बसले. मनिराम निरोपाला आला नाही. गाडी वळेपर्यंत यादोराव मागच्या काचेतून तलावाच्या रस्त्याकडे पाहत होते.

त्या संध्याकाळी सत्यभामाबाई खिडकीत बसल्या होत्या. समोरच्या दाराला कुलूप होतं. रोजच्या वेळी मनिराम आला. त्याने खिशातून आगपेटी काढली, लाल डब्यात टाकली आणि बंद दाराच्या पायरीवर बसला.

बाईंनी चहाचं आधण ठेवलं. एका कपाचं होतं. त्यांनी त्यात आणखी एक कप पाणी ओतलं.

दोन कप घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या.

"मनिरामजी, दार बंद आहे."

"मालूम हाय बाई," तो म्हणाला आणि पायरीवर थोडा सरकला.