मुक्या सिनेमातली गाणी

लायब्ररीच्या हॉलमधले दिवे मालवले. पडद्यावरच्या नायिकेनं गायला तोंड उघडलं, पण आवाज काही आला नाही.

"गाजलेल्या संगीत नाटकावरचा सिनेमा... आणि मुका?" मालिनी पुटपुटली.

पुढच्या रांगेतला तरुण मागे वळला. "ब्रिटनमध्ये हा काढला तेव्हा सिनेमाला आवाजच नव्हता. लोकांना गाणी पाठ असायची म्हणे."

परदेशातल्या या लायब्ररीत तो चक्क मराठीत बोलत होता. मालिनीला हसू आलं.

"मला नाहीत पाठ. आता ती काय म्हणतेय?"

"म्हणतेय... सिनेमा संपल्यावर कॉफी घेऊ या."

"तिला सांगा, मी चहा घेते."

मालिनी नागपूरची. डेट्रॉईटजवळच्या ट्रॉय गावात एका मोटार कंपनीच्या प्रोजेक्टवर होती. शंतनू पुण्याचा, डेट्रॉईटला पीएचडी करत होता. २००४ चा तो सगळा हिवाळा दोघांनी दर शनिवारी लायब्ररीत जुने सिनेमे बघितले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

मार्चमध्ये तिचा प्रोजेक्ट संपला. नवा दूर दक्षिणेत, अल्फारेटाला मिळाला. तिनं सांगितलं तेव्हा शंतनू नुसतं "अच्छा" म्हणाला. मग तिला तिथलं अपार्टमेंट शोधून दिलं, रविवारी येऊन खोकी भरली, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली. कुकरचं झाकण गुंडाळताना मात्र त्याचे हात उगाच रेंगाळले...

"तू एकदाही थांब म्हणाला नाहीस," मालिनी म्हणाली.

"नोकरी गेली तर व्हिसा जाईल तुझा. थांब कसं म्हणू?"

"थांबले नसतेच मी. पण ऐकायचं होतं."

शंतनूनं झाकण खाली ठेवलं.

"थांब," तो हळूच म्हणाला. "तू गेलीस की मला इथे करमणार नाही, यार. थीसिस ऑगस्टमध्ये संपेल. मग मी तिकडेच नोकरी बघतो... तुला चालणार असेल तर."

"आणि नोकरी नाही मिळाली तर?"

"तर पुण्याला जाईन आणि तुला रोज फोन करून पिडेन."

मालिनीचे डोळे भरून आले. तिनं कोपरानं पुसले. हाताला वर्तमानपत्राची शाई लागली होती.

"आईला आज फोन करते," ती म्हणाली. "मुलं बघणं थांबवा म्हणून सांगते."

"कारण विचारलं तर?"

"तुझं नाव सांगेन."

शंतनूनं तिच्या हातातला टेप घेऊन खोकं बंद केलं आणि वर मार्करनं ठळक अक्षरांत लिहिलं, 'आपलं स्वयंपाकघर'.