एका दुकानात दोन पहारेकरी

गवंड्याने टेप पसरली आणि छपाईच्या दुकानाच्या बरोबर मधोमध खडूची रेघ ओढली.

"इथे भिंत," थोरले म्हणाले. भावाला नाही, गवंड्याला. चार महिने दोघा भावांत बोलणं नव्हतं.

कारण कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. एक फाइल उघडायला दहा मिनिटं! गिऱ्हाइकं पळाली. थोरले म्हणत धाकट्याने बिघडवला, धाकटे म्हणत दादाने. आज पाचपर्यंत शाळेचे नकाशे छापून निघाले नाहीत, तर दुकान दोन तुकडे.

मग थोरल्यांची मुलगी ठिणगी भिंतीच्या अलीकडे. धाकट्यांची मुलं, ढापण्या आणि शेपूट, पलीकडे. (शेपूट, कारण ती सतत मागे मागे.) आणि एकमेकांकडे जायला बंदी.

तीन वाजता दोघे भाऊ आपापल्या घरी जेवायला गेले, तशी तिघं मुलं मशीनला भिडली. ढापण्याने मशीनच्या पंख्यातली धूळ काढली. सुस्त.

साडेतीन. ठिणगीने नको ते प्रोग्राम बंद केले, जुन्या फाइली पुसल्या. सुस्तच.

पावणेचार.

"कुणी हातही लावत नाहीये," शेपूट म्हणाली, "मग मशीनवरचा तो लाल दिवा का लुकलुकतोय?"

म्हणजे आत कुणीतरी राबत होतं. कोणता प्रोग्राम किती ताकद खातो, ती यादी ठिणगीने उघडली. सर्वांत वर दोन नावं. दोन्ही अँटिव्हायरस! एक थोरल्यांनी घातलेला. दुसरा, दुसऱ्याच दिवशी, धाकट्यांनी. दोघांनाही खात्री, व्हायरस येतो तो भावाच्याच पेन ड्राइव्हमधून.

एक पहारेकरी फाइल तपासायला घ्यायचा. दुसऱ्याला त्याचाच संशय यायचा. तो त्याला तपासायचा. मग उलट. दिवसभर. मशीनला कामाला सवड कुठली?

"काकांचा काढ," ठिणगी म्हणाली.

"का?" ढापण्या म्हणाला. "मोठ्या काकांचा काढ. सुरुवात त्यांनी केली."

"माझ्या बाबांबद्दल बोलायचं काम नाही."

"मग तूही बोलू नकोस."

नाही बोलले. सात मिनिटं. हुबेहूब मोठ्यांसारखे.

शेपूट खुर्चीवर चढली, माउस ओढून घेतला. "दोन्ही काढते. मशीनचा स्वतःचा एक आहे ना?"

होता. दोन्ही गेले, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तसा मशीनचा पहारेकरी मुकाट कामाला लागला. नकाशाची फाइल बारा सेकंदांत उघडली. शेवटचा नकाशा पाचला पाच कमी असताना बाहेर पडला.

दोघे भाऊ परतले. न विचारता हात कुणी लावला, म्हणून थोरले कडाडले. तिघांनी हात वर केले. मग ठिणगीने सगळं सांगितलं. कुणाचा दोष किती, तेही. न गाळता.



"अक्कल आहे पोरांना," थोरले छताकडे बघत म्हणाले.

"आपल्याला असती," धाकटे जमिनीकडे बघत म्हणाले, "तर चार महिने वाचले असते."

गवंडी खोकला. "मग विटा कधी आणू?"

"कसल्या विटा?" दोघेही त्याच्यावर एकदम खेकसले. चार महिन्यांत भावांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.