गोफाचं नाव

यशोधन कारखानीसचं पत्र दिवाळीआधी आलं होतं. सोवनी सरांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि उत्तर न देताच एका पुस्तकात ठेवून दिलं. 'सर, गोफ ही नक्षी मूळची तुमची. तिला आता तुमचंच नाव देऊ या. सोबतच्या कागदावर सही तेवढी करा.'

मिरजेत आता मांजरांसारखे मक्यासाप पाळले जात. बिनविषारी, शांत, केशरी पाठीवर काळ्या काठाचे तांबडे ठिपके. सरांच्या मागच्या खोलीत कधीकाळी एक मादी जन्मली, तिचे ठिपके एकमेकांत गुंतून पाठभर पेड झाला होता. सरांनी त्याला गोफ म्हटलं. पण ही नक्षी खरंच नवी की आपला भ्रम, या शंकेत ते राहिले. त्यांचा विद्यार्थी यशोधन 'अभ्यासाला' म्हणून तिची पिल्लं घेऊन गेला, तो फिरकलाच नाही. 'कारखानीस गोफ' देशभर विकला गेला. सर कुणाशी भांडले नाहीत. मात्र त्याची जाहिरात दिसली, की त्यांच्या हातातला चहा निवून जाई.

मग आता हे औदार्य कशासाठी?

ते फरीदा शिकलगार आली त्या दिवशी कळलं. गल्लीच्या टोकाला ती सतारींवर नक्षी काढी. तिची गोफवाली मादी, झरी, सरांनीच दिलेली. फरीदाला झरीसाठी कारखानीसकडून गोफवाला नर आणायचा होता, म्हणून आधी तपासून घ्यायला ती झरीची कात घेऊन आली. सरांकडे नवा कातवाचक होता. कातीचा तुकडा त्यात ठेवला, की सापाच्या अंगावर न दिसणारा वारसाही पडद्यावर उमटे.

गोफाच्या जनुकाला खेटून दुसरा एक जनुक लाल झाला. सरांनी समजावलं, की हे दोघं गुणसूत्रावर शेजारी असल्याने वारशात बरोबरच जातात. एकाच पालकाकडून आले, तर पाठीवर गोफ दिसतो आणि दुसरा झोपून राहतो. दोघांकडून आले, तर पिल्लाचा तोलच जातो. ते मान उलटी करून वर बघत बसतं, पाठीवर पडलं तर सुलट होत नाही. सरांनी गोफाची जोडी नेहमी साध्या सापांशी लावली होती. असं पिल्लू त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे ती 'ध्यानस्थ' पिल्लं," फरीदा म्हणाली. "नवा वाण म्हणून दुप्पट भावानं विकतोय तो कारखानीस. माझ्या नणंदेनं घेतलंय. ते बिचारं छताकडं बघत बसतंय आणि ही म्हणते, किती शांत स्वभावाचं आहे."

सरांनी पुस्तकातलं यशोधनचं पत्र काढून तिच्यापुढे धरलं. "आता कातवाचक घरोघरी येतील. लोक विचारतील, हा दोष कुणाच्या घरचा?"

"म्हणून होय! बारसं त्याला आत्ताच आठवलं."

सर हसले. मग त्यांनी नक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्या मक्यासाप मंडळाची नियमावली काढली. नक्षी ज्याच्या नावाची, त्याला ती बंद करता येत होती. मग तिची ना जोडी लावता येई, ना विक्री. सरांना कुणाला नाही म्हणता येत नाही, हे यशोधनला ठाऊक होतं. सर नियम शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे तो विसरला होता.

सरांनी सही केली आणि खाली लिहिलं, 'नक्षी माझी, दोषही माझा. नामधारक या नात्याने गोफ आजपासून बंद करत आहे. मंडळाला प्रत पाठवली आहे.'

फरीदा टपालपेटीपर्यंत त्यांच्याबरोबर आली.

"हे दोन जनुक कधी सुटतच नाहीत?"

"क्वचित सुटतात. हजारांत एखादं पिल्लू नुसता गोफ घेऊन जन्मू शकेल."

"आणि तेही बंद."

सरांनी पाकिटांवरचे पत्ते पुन्हा एकदा वाचले.

"सर, हे सापांसाठी करताय ना?"

त्यांनी दोन्ही पाकिटं आत सोडली. ती तळाशी पडल्याचा आवाज आला. सापांसाठीच केलं असेल, तर तो आवाज ऐकून आपल्याला इतकं गोड का वाटलं?