बर्फातून येणारा फोन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही मी रचलेलं नाही.

रचलेलं असतं तर बरं झालं असतं. निदान लाज तरी वाटली नसती.

मी निवेदिता. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहते. माझा नवरा हरीश उत्तर ध्रुवाकडे जाणाऱ्या जहाजांना हवामानाचा आणि समुद्रातल्या बर्फाचा अंदाज देतो. बर्फ कुठे आहे, वारा त्याला कुठे ढकलेल, जहाजानं पुढे जावं की थांबावं... सॅटेलाइटचे फोटो बघून हे सगळं तो घरी बसून सांगतो.

गोष्ट मागच्या ऑगस्टमधली. भरदुपारची वेळ. बाहेर लख्ख ऊन, शेजारी गवत कापायचं मशीन घरघरत होतं. भुताखेताचा विचार मनात येईल अशी वेळच नव्हती.

मी किचनमध्ये होते. मागच्या खोलीतून हरीशचा आवाज आला. तो ड्यूटी फोनवर बोलत होता...

मराठीत.

त्या फोनवर फक्त जहाजांचे फोन येतात. मराठीत कोण बोलणार?

मी दारात जाऊन उभी राहिले. तो फोन खाली ठेवत होता.

"जहाजावरचा कोणी शशी म्हणून आहे," तो म्हणाला. "म्हणतो, साहेब, आम्हाला खाडीत पाठवू नका. वारा फिरणार आहे. बर्फ तोंड बंद करेल."

"मग?"

"फोटोत तर काहीच दिसत नाहीये. पाणी मोकळं आहे." त्यानं परत फोनकडे बघितलं. "पण निवे, त्याच्या मागून सारखा कडकड आवाज येत होता. बर्फ फुटल्यासारखा."

ते जहाज ग्रीनलँडच्या किनाऱ्याजवळ होतं. प्रवासी जहाज. म्हातारी माणसं, लहान मुलं, सगळीच. डोंगरांमध्ये आत घुसलेल्या एका खाडीत ते शिरणारच होतं.

हरीशनं अंदाज बदलला. आत जाऊ नका, असं कळवलं.

जहाज बाहेरच थांबलं. आणि संध्याकाळच्या आत वारा फिरला... बर्फ सरकत आला आणि खाडीचं तोंड पार बंद झालं.

जहाजाची कॅप्टन इंग्रिड, तिनं आभार मानायला फोन केला. हरीशनं स्पीकर लावला होता.

तो म्हणाला, "आभार तुमच्या शशीचे माना."



मग ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या जहाजावर शशी नावाचं कोणी नाही."

आणि नंतर... "एक होता. माझ्या आधीच्या जहाजावर. माझा सेकंड ऑफिसर. त्याच खाडीच्या तोंडाशी छोटी बोट घेऊन बर्फ बघायला गेला होता. वारा फिरला. बोट सापडली. तो नाही सापडला."



दुसऱ्या दिवशी कंपनीची व्हिडिओ मीटिंग होती. सगळ्यांनी हरीशसाठी टाळ्या वाजवल्या. त्याची मॅनेजर क्लेअर म्हणाली, फोटोत काहीच नसताना तुला कळलं कसं?

मी दारातच उभी होते. हरीशनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"अनुभव," तो म्हणाला.

परत टाळ्या.

मी तरी त्याला काय बोलणार? खरं सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण त्यानंतर हरीशचं जेवणावरचं मनच उडालं. कोणी कौतुक केलं की तो खाली बघायचा.

शेवटी त्यानं इंग्रिडकडून शशीच्या बहिणीचा पत्ता मिळवला. म्हणाला, "निदान तिला तरी खरं सांगतो."

एका रविवारी आम्ही लंडनमधल्या इल्फर्डला गेलो. दुकानाच्या वर छोटासा फ्लॅट. शशीच्या बहिणीनं, अरुणाताईंनी, दार उघडलं, आत बसवलं, शिरा केला. हरीशनं त्यांना फोनचं सगळं सांगितलं.

मला वाटलं त्या रडतील. किंवा हाकलून देतील.

त्यांना आश्चर्यसुद्धा वाटलं नाही.

"मलाही येतो," त्या म्हणाल्या. कोपऱ्यात जुना लँडलाइन फोन होता. "शशी याच नंबरवर करायचा, म्हणून मी लाइन बंद केली नाही. पण माझ्याशी तो बोलत नाही हो. नुसता बर्फ कडकडतो."

मग त्या पुढे सरकल्या. "तुमच्याशी खरंच बोलला? माझं नाव घेतलं?"

हरीशनं मान हलवली. नाही.

"असू दे. पण तुमच्या ऑफिसात सांगितलंत ना? की माझ्या भावानं वाचवलं त्या लोकांना?"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"...हो," हरीश म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं."

अरुणाताईंचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले.

आणि त्याच क्षणी...

कोपऱ्यातला फोन वाजला.

"तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याशी बोलेल तो."

हरीश उठला. रिसीव्हर कानाला लावला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, तरी मला तो आवाज ऐकू आला... कड... कड... कड.

 बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"काही नाही, ताई. काही बोलला नाही."

गाडीत बसलो. हरीशनं किल्ली आधीच माझ्याकडे दिली होती, म्हणून मीच चालवायला घेतली. मोटरवेला लागलो.

मग म्हणाला, "बोलला तो."

"काय?"

"म्हणाला... 'साहेब, ताईशी तरी खोटं बोलू नका.'"

मी गाडी वळवायला हवी होती. वळवली नाही. मीही तर तिथे बसून शिरा खात होते, आणि गप्प राहिले होते.

परवा अरुणाताईंचा मेसेज आला.

"तुम्ही येऊन गेलात, त्या दिवसापासून माझा फोन वाजत नाही. शशीचा फोन आता तुमच्याकडे येतो का?"

मेसेज आम्ही दोघांनीही वाचला. उत्तर अजून दिलेलं नाही.

येतो.

रोज नाही... पण येतो. हरीश उचलत नाही.